राहुरीचे पाणी



निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून निघालं की वाटेत राहुरी लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती वाट पायांनी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी तिथे एका घरासमोर एक बाई हंडा भरून उभी होती. येईल त्या वारकऱ्याला तांब्याने पाणी देत होती. गळ्यात क्रूस. माझ्या पुढच्या माळकऱ्याने तो पाहिला, नुसते हात जोडले आणि पुढे निघून गेला. मग माझी पाळी आली. खरं सांगतो महाराज, माझाही हात क्षणभर अडखळला. विष्णुदासांत भेद नाही म्हणून मी किती गावांत घसा कोरडा केला असेल! आणि एका तांब्याने परीक्षा घेतली. पाणी प्यालो मी, पण अडखळलो ते अडखळलोच.

त्याच राहुरीत सव्वाशे वर्षांपूर्वी एक ब्राह्मणाची लेक अशीच पाण्यापाशी अडली होती. आज तिची आणि तिच्या यजमानांची कथा लावतो. कुणी म्हणेल, बुवा, विठोबाच्या वारीत ख्रिस्ती माणसाची कथा कशाला? थोडं ऐका. मग रागवायचं तर रागवा.

नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत बरं का, हे कवी टिळक, फुलामुलांचे कवी. जन्म 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. नाशकात गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली संस्कृत शिकलेले. कीर्तन, पुराण, कविता, सगळं जिभेवर. पण जीव स्वस्थ नाही. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलता बोलता स्नेह जमला. उतरताना त्याने ख्रिस्ती धर्माचं पुस्तक, नवा करार, हाती ठेवलं. टिळकांनी ते वाचलं. डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि तिथेच माणूस अडकला. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी याचा अर्थ काय, ते आज सांगून कळणार नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणजे माणूस जातीला मेला. पंगत तुटली, पाणी तुटलं, नातं तुटलं. टिळकांनी ते लपवलं नाही. रात्री येशूचं नाव आणि दिवसा भाऊबंदांत मान, असं दोन्ही साधता आलं असतं. तशी माणसं प्रत्येक धर्मात असतात. मी स्वतः तरुणपणी एका ठिकाणी नोकरी मागायला जाताना गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत ढकलली होती. नोकरी मिळाली नाहीच, माळेची लाज मात्र पदरात पडली.

पण टिळकांचं एक मला पटत नाही, ते इथेच बोलून टाकतो. धैर्य त्यांचं, आणि किंमत बायकोने मोजली. लक्ष्मीबाई, माहेरच्या जलालपूरच्या गोखले. त्यांची संमती न घेता हे झालं. लहानगा दत्तू पदरात, आणि नवरा असून नसल्यासारखा. चार-पाच वर्षं त्या बाईने नातलगांच्या आधाराने काढली. त्यातला काही काळ कुठे, ठाऊक आहे? आपल्या पंढरपुरात! बहिणीच्या आधाराने. टिळकांची पत्रं येत राहिली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, की बायकोला ओढून नेलं नाही.

शेवटी बाई आपण होऊन त्यांच्याकडे आल्या. आल्या, पण धर्म सोडला नाही हो! त्याच संसारात यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. आणि नवरा मिशनचा माणूस, चारचौघांत येशूचं नाव घेणारा. शेजारी हसत असतील की, जगाला उपदेश करतो आणि याच्या घरात दोन माठ! टिळकांनी सक्ती केली नाही. मला विचाराल तर त्यांची खरी कसोटी बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हती, ती त्या दोन माठांपाशी होती.

मग राहुरीत एके दिवशी बाई स्वतःशीच विचार करीत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर जन्मात, मरणात, हाडामांसात कुठेतरी फरक दिसला असता. कुठे दिसेना. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी चालवून घेतलं. बाप्तिस्मा पुढचा, 1900 सालचा. आधी पाणी, मग धर्म. हा क्रम ध्यानात ठेवा. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे, हसतहसत. स्वतःचं सोवळं आणि नवऱ्याचा विसराळूपणा, कुणाचीच गय नाही.

टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. हातात पैसा दिला की वाटेत भेटेल त्या गरजवंताकडे गेलाच. बालकवी ठोंबरे, तो कोवळा पोर, नगरला याच घरात लेकासारखा राहिला आणि हिंदूचा हिंदूच राहिला.

टिळकांनी नाव बदललं नाही, भाषा टाकली नाही. विलायती चालींवर बसवलेली गाणी मराठी गळ्याला रुचेनात, तेव्हा यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारख्या ख्रिस्ती मंडळींनी आधीच कीर्तनाचा फड उभा केला होता. टाळ तोच, चाल तीच, नाम येशूचं. टिळक म्हणत, मी ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. आपण वारकरी त्या पुलावर रोज उभे असतो, महाराज. पलीकडे कोण कुठे गेला याचा झगडा मी करत नाही. मला माझा विठोबा पुरे आहे. पण पूल आपला आहे, एवढा अभिमान मला वाटतो.

1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे. साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूवर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथे दार उघडं. स्वतःच्याच मंडळींतल्या भिंतीला हात घालणं परक्याशी वाद घालण्यापेक्षा अवघड असतं, हे आपल्या फडांतल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा देह पडला. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अर्धवट राहिलं होतं. पहिले काही अध्याय त्यांचे. पुढचे बहुतेक कुणी लिहिले? ज्या बाईने एकेकाळी त्यांच्या माठाला हात लावला नव्हता, तिने!

पुढच्या वर्षी वारीत मी त्या घरासमोर मुद्दाम थांबलो. बाई तिथेच होत्या, हंडाही तोच. मी म्हटलं, ताई, तुमच्या राहुरीच्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? त्या हसल्या आणि तांब्या पुढे केला. म्हणाल्या, "बाबा, उन्हातून आलाय. आधी पाणी प्या, गोष्ट मग."

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!