शोभेची आणि चालती

जुनी मोटारसायकल 'रिस्टोअर' केली म्हटलं की बघणारा आधी टाकीवरचा रंग बघतो, मग क्रोम, मग विचारतो, "किती खर्च आला?" ती रस्त्यावर चालते कशी, हे फार थोडे लोक विचारतात. मला वाटतं, खरा इतिहास त्या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

आम्हा अलिबागकरांना याचं जवळचंच उदाहरण आहे, सालिम अलींचं. १९३० साली जर्मनीतून शिकून परतल्यावर त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. तेव्हा ते पत्नी तेहमिनासह किहीमला राहिले आणि तिथे त्यांनी सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. हे बहुतेकांना माहीत असतं. पण या माणसाला मोटारसायकलींचंही जबर वेड होतं, बरं का! ब्रह्मदेशात तावॉयला असताना साडेतीन हॉर्सपॉवरच्या एनएसयूपासून सुरुवात झाली. पुढे हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, झेनिथ... यादी मोठी आहे. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला इथे पक्षिशास्त्राची जागतिक परिषद होती. वयाच्या ५३व्या वर्षी या गृहस्थांनी आपली सनबीम मुंबईहून बोटीवर चढवली आणि युरोपात ती चालवत परिषदेला गेले. जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर पडले, फ्रान्समध्ये छोटा अपघात झाला, तरी पहिल्या बैठकीला वेळेवर हजर! हे थेट हिंदुस्थानातून गाडी चालवत आले, अशी बातमी तिथे पसरली म्हणे.

आता गंमत बघा. त्या काळात गाडी चालवणं आणि गाडी समजणं ही दोन वेगळी कामं नव्हती. प्लग साफ करणं, पॉइंट घासणं, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणं हे ज्याला येत नाही, त्याने लांबच्या प्रवासाला निघूच नये.

माझ्याकडची गाडी आहे जावा २५०, १९६८ची, काकांची. चेकोस्लोव्हाकियातल्या जावाचं नाव यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून झालं. आयातीवर बंधनं आल्यावर मुंबईच्या रुस्तम इराणींनी म्हैसूरला 'आयडियल जावा' उभारली आणि १९६१ पासून गाड्या तिथे बनू लागल्या. पुढे तीच येझदी झाली. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी फोर-स्ट्रोक. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि किकचाच दांडा फिरवून गिअर टाकायचा, ही मजा त्या जुन्या टू-स्ट्रोकचीच.

काकांची गाडी रंगवून आली तेव्हा नव्या नवरीसारखी दिसत होती. चालत मात्र नव्हती. हॉर्न कण्हायचा, दिवा मिणमिणायचा. कारण ऐकून हसू येईल: नवा रंग! अर्थिंगची वायर जिथे चेसीला टेकते तिथेही छान जाड रंग बसला होता, आणि ६ व्होल्टच्या गाडीला एवढा अडथळाही पुरतो. तेवढी जागा घासून उघडी केली आणि दिवा उजळला.

दुसरं दुखणं खोल होतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. क्रँकचं सील कडक झालं की तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. जाग्यावर उभी असताना गाडी छान फटफटते, त्यामुळे हे कळत नाही. ते कळतं कार्लेखिंडीत. चढावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा, तिथेच इंजिन बंद करून बाजूला थांबायचं आणि प्लग काढून बघायचा. पांढरा असेल तर मिश्रण पातळ, काळाकुट्ट असेल तर जाड, कॉफीच्या रंगाचा असेल तर देव पावला! सील बदलल्यावर, जेटची दोनदा अदलाबदल केल्यावर तो कॉफीवर आला.

त्यात आमची खारी हवा. टाकी आतून गंजते आणि गंजाचा चुरा थेट कार्बोरेटरमध्ये. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करतो. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे गाडी उभी न ठेवणं.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. त्या नोंदणीच्या गाड्या प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायच्या. रोजच्या वापराला नाही. मी अजून ती नोंदणी केलेली नाही, जुनाच नंबर जपून ठेवला आहे. कारण गाडी चालवणं हीच तिची मुख्य देखभाल आहे, असं माझं मत. सील वंगणाने ओलं राहतं, पॉइंट स्वच्छ राहतात, आणि चालवणाऱ्याचा कानही तयार राहतो. आक्षी-नागावच्या वाडीतून चौलकडे जाताना आवाजात थोडा फरक पडला तरी मला आता कळतो. हा कान कुठल्याही संग्रहालयात ठेवता येत नाही, तो फक्त चालत्या गाडीवरून पुढच्याला देता येतो.

असो. सध्या पुतण्याला प्लगचे रंग शिकवतोय. परवा त्याने गाडी न पुसताच बाहेर काढली, आणि मी काही बोललो नाही.