परळमध्ये शोधलेला ब्रेक

रोडपालीतून मी परत तुमच्या कानात. आजचा प्रश्न जरा हेडफोन लावून ऐकण्यातला आहे: पुरुषाच्या शरीरात शुक्राणू किती बनायचे, हे ठरवतं कोण?

वृषण? अर्धंच बरोबर. हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. ती एलएच सोडते, त्यामुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनतं. ती एफएसएचही सोडते, त्यामुळे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी कामाला लागतात. एक शुक्राणू घडायला साधारण 74 दिवस लागतात.

पण "आता बस" असं पियुषिकेला कळवतं कोण? टेस्टोस्टेरॉन कळवतंच. शिवाय 1932 साली अमेरिकेत मॅकुलॉक यांनी बैलाच्या वृषणाचा अर्क उंदरांना देऊन बघितला आणि आणखी एका निरोप्याला नाव दिलं, इनहिबिन. म्हणजे आवर घालणारा.

आता आपल्या मुंबईत या. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन संशोधन संस्थेत 1970 च्या दशकात डॉ. ए. आर. शेठ आणि सहकारी हाच ब्रेक मानवी वीर्यात शोधत होते. आशा अशी की एफएसएच रोखता आलं, तर पुरुषांसाठीही गर्भनिरोधक मिळेल. 1984 मध्ये कॅनडातल्या संशोधकांसोबत त्यांनी 94 अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची रचना मांडली. पुढे कळलं की ते प्रोस्टेटमध्ये बनतं. खरं इनहिबिन 1985 च्या सुमारास गाई-डुकरांच्या अंडाशयातल्या द्रवातून हाती आलं. परळचं प्रथिन मात्र वाया गेलं नाही, प्रोस्टेटच्या अभ्यासात ते कामी आलं.

हे सगळं आज का सांगतोय? कारण जिममध्ये "मर्दानगी वाढेल" म्हणून टेस्टोस्टेरॉनची सुई टोचून घेणारी पोरं आपल्या आसपास आहेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. एलएच, एफएसएच बंद. दंड फुगतात, वृषण आकसतात. जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला हेच इंजेक्शन गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. 1990 च्या अहवालात 271 पुरुषांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता!

सुई थांबवल्यावर बहुतेकांचं गाडं रुळावर येतं, पण महिने जातात, आणि प्रत्येकाचं येईलच अशी हमी नाही. कुणी घेत असेल तर त्याला हसू नका. हा भाग पाठवा आणि डॉक्टरांकडे न्या. भेटू पुढच्या भागात.