पेन्सिलीची एक रेघ

परवा बेटेगावच्या घरचा माळा आवरताना बिस्किटांच्या एका डब्यात माझं जुनं ग्राफिक्स कार्ड सापडलं. धूळ झटकली तर कोपऱ्यातला काळा डाग तसाच! बायको म्हणाली, "टाका आता ते." म्हटलं थांब, आधी त्याच्यावर लिहायचंय.

नव्या मंडळींना सांगायला हवं, साधारण 1998 नंतरची दहा वर्षं हौशी लोकांची होती. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. बसचा वेग 66 मेगाहर्ट्झवरून 100 वर नेला की 300 चा हा प्रोसेसर 450 वर पळायचा. हेच वेड मग ग्राफिक्स कार्डांकडे वळलं. 2004 मध्ये एनव्हिडियाची जीफोर्स 6600 आणि 6600 जीटी ही कार्डं आली. दोन्हींत चिप एकच, पण साध्या कार्डात ती 300 मेगाहर्ट्झवर चालायची आणि जीटीत 500 वर. हे कळल्यावर खिसा हलका असलेला मुलगा गप्प कसा बसेल?

वेग वाढवत गेलं की एका टप्प्यावर चिप अडखळते, तिला जास्त व्होल्टेज लागतं. कार्डावरचा रेग्युलेटर चिपला जाणाऱ्या व्होल्टेजचा थोडा हिस्सा दोन रेझिस्टरांमधून परत घेऊन तपासत असतो. त्यातल्या ग्राउंडकडच्या रेझिस्टरचा रोध कमी केला की परत येणारा हिस्साही कमी होतो. रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय, आणि तो बिचारा वाढवून देतो. जेवून उठलेल्या पोराने आजीला "भूक लागली" सांगावं, तसलाच प्रकार :-)

रोध कमी करायला काय लागायचं? शाळेची पेन्सिल! तिच्यातल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते. रेझिस्टरवर रेघ ओढली की विजेला आणखी एक वाट मिळते. जास्त झालं तर खोडरबराने पुसायचं. ज्यांचा हात बसला होता ते बदलता रेझिस्टर डाखवून घेत.

पण हिशेब सोपा नव्हता. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग 10 टक्के आणि व्होल्टेजही 10 टक्के वाढवलं, तर उष्णता सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. शिवाय तो भार रेग्युलेटरच्या मॉस्फेटांवरही पडतो, आणि त्यांच्यावर बऱ्याचदा पंखाच काय, पत्र्याचा तुकडाही नसायचा.

माझं कार्ड तिथेच गेलं. 2006 चा पावसाळा. शटलने विरार, मग लोकलने ग्रँट रोड, असं करत लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. पैसे निम्मे माझे, निम्मे बाबांचे. पहिल्या रेघेला सगळं छान चाललं. म्हणून दुसरी ओढली, आणि मीटर न लावताच गेम चालू केला. पडद्यावर रंगीत ठिपके आले, मग अंधार, मग वास.

बाबांचं मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं, त्यामुळे तो वास त्यांना ओळखीचा. रागावले नाहीत. कार्ड उलटंपालटं करून म्हणाले, "मोटर व्होल्टेज कमी पडलं की जळते. लोड तोच असतो, मग ती करंट जास्त ओढते. तुझं उलटं दिसतंय. पण प्लेटवरचा आकडा कुणीतरी विचार करूनच लिहिलेला असतो ना रे?"

तेव्हा मी वाद घातला, की हा आकडा कंपनीने दुकानात दोन किमती लावता याव्यात म्हणून लिहिलाय. मी अगदीच चूक नव्हतो. पण चिपचा आकडा बाजाराचा होता आणि मॉस्फेटचा धातूचा, हे मला कळलं नव्हतं. एकाच कार्डावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसले होते.

बाबांनी मग तारापूरचं उदाहरण दिलं. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याला, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या दोन्ही संचांची क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. पुढे दुय्यम वाफ तयार करणाऱ्या जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा 1980 च्या दशकात ती 160 वर आणली गेली. पाटीवरचा आकडा कमी करून घ्यायला लाज वाटली नाही, आणि त्या यंत्रांनी पन्नाशी गाठली. "कमी करणं हीपण दुरुस्तीच असते," बाबा म्हणाले. मला तेव्हा ते पराभवाचं बोलणं वाटलं होतं.

पेन्सिलीचा जमाना नंतर सरला. 2012 च्या जीफोर्स जीटीएक्स 680 पासून कार्ड स्वतःच तापमान आणि वीज पाहून वेग-व्होल्टेज वर-खाली करू लागलं, आणि व्होल्टेजची वरची मर्यादाही कुलूपबंद झाली. गंमत म्हणजे आता हौशी मंडळी व्होल्टेज उतरवत बसतात. वेग जवळजवळ तोच राहतो, कार्ड थंड चालतं, पंख्याचा आवाज कमी होतो. माझा भाचा परवा मोठ्या अभिमानाने तेच दाखवत होता. त्याला काय सांगणार, की हे त्याच्या आजोबांनी मला 2006 मध्येच सांगितलं होतं!

असो. दुकान कधीच बंद झालं, बाबाही आता नाहीत. त्यांचा मल्टिमीटर मात्र अजून चालतो. कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं, आणि या वेळी मीटरही त्याच्या शेजारी ठेवला. तो त्या दिवशी तिथे असायला हवा होता.