उलट्या वाटेचे पाणी

श्रोतेहो, मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. पण इतिहास काही गडकोटांनाच असतो असे नाही. शरीरातल्या बोटभर जागेलाही तो असतो. आज अशाच एका जागेची हकीगत सांगतो.

मूल वरचेवर तापाने फणफणते. सर्दी नाही, खोकला नाही. घरचे म्हणतात, हिवताप असेल, नाहीतर दृष्ट लागली असेल. लघवी तपासली म्हणजे जंतू सापडतात. तापासह असा संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत मूळ दोष निघतो तो एका दाराचा. मूत्रपिंडातून लघवी मूत्रवाहिनीवाटे खाली मूत्राशयात उतरते. ती परत वर चढता कामा नये. या मुलांत ती चढते, सोबत जंतू नेते आणि मूत्रपिंडावर कायमचे वण पडू शकतात.

हे दार बंद कसे राहते? दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने जनावरांवर प्रयोग करून दाखवले, की मूत्राशय दाबला तरी लघवी वर जात नाही. पुढे 1903 साली अमेरिकेच्या सॅम्पसनने त्याचे मर्म सांगितले. दोन घोंगड्यांच्या मध्ये सायकलची ट्यूब तिरपी ठेवा आणि वर बसा. ट्यूब दबून बंद होईल की नाही? मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत अशीच तिरपी शिरते. मूत्राशय भरला, की ती आपोआप दाबली जाते. हा तिरपा भाग जन्मतःच आखूड असला, म्हणजे दार उघडे राहते.

1952 साली अमेरिकेतील हच याने कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णांत या उलट्या प्रवाहाचा आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा संबंध दाखवला व शस्त्रक्रियेने तो प्रवाह थांबवला. मग जणू चढाओढच लागली. 1958 साली पोलिटानो आणि लेडबेटर यांनी मूत्राशय उघडून मूत्रवाहिनी नव्या, लांब बोगद्यातून बसवली. 1959 साली पॅक्विनने हिशेब मांडला, की बोगद्याची लांबी नळीच्या व्यासाच्या पाचपट हवी. 1961 साली लिचने आणि 1964 साली बेल्जमच्या ग्रेग्वारने हेच काम मूत्राशयात न शिरता बाहेरून केले. 1975 साली कोहेनने मूत्रवाहिनी आडवी, समोरच्या बाजूपर्यंत नेली. कसबी हातांनी केलेल्या या शस्त्रक्रियांनी बहुतेक मुलांचा उलटा प्रवाह थांबला.

इथे गोष्ट संपावी, असे तुम्हाला वाटेल. पण खरा प्रश्न निराळाच होता. दार दुरुस्त झाले, पण मूत्रपिंड वाचले का? लंडनच्या डॉ. जीन स्मेली यांनी पुष्कळ मुलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. मूल वाढते तसा दोष पुष्कळदा आपोआप जातो, तोवर थोडे औषध रोज देऊन संसर्ग टाळता येतो, असे त्यांना दिसले. मग युरोप-अमेरिकेतील डॉक्टरांनी मिळून तुलना केली. काही मुलांना औषध दिले, काहींवर शस्त्रक्रिया केली. पाच वर्षांचे निष्कर्ष 1992 साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर तापाचे संसर्ग कमी झाले खरे. परंतु मूत्रपिंडावरचे नवे वण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले!

तेव्हापासून शस्त्र आवरते झाले. 1984 साली डब्लिनच्या ओडॉनेल आणि पुरी यांनी दुर्बिणीतून, चिरा न देता, नळीच्या तोंडाखाली टेफ्लॉनचा फुगवटा करून दार आवळले. टेफ्लॉनविषयी पुढे शंका आल्या. 2001 साली अमेरिकेत त्याऐवजी डेक्स्ट्रानोमरच्या मिश्रणाला परवानगी मिळाली. सौम्य दोष असेल तर वाट पाहावी. तीव्र दोष असेल, औषध चालू असूनही ताप उलटत असेल, नवे वण पडत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा आजचा रिवाज आहे. कोणत्या मुलाला काय हवे, हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या इतिहासात आपलेही एक पान आहे. लघवी कोंडून धरणे आणि बद्धकोष्ठ यांनी हा विकार बळावतो. म्हणून वर्गात मुलाने करंगळी वर केली, की “तास संपू दे” असे म्हणू नका. आणि आईबापांनो, कारण न कळणारा ताप आला, की अंगाऱ्याच्या आधी लघवी तपासून घ्या. ते मूत्रपिंड त्या मुलाला जन्मभर पुरवायचे आहे.