शापोरेपलीकडचा चेंडू
हरमलच्या पुळणीवर ओहोटी लागली की गावची पोरे चेंडू घेऊन उतरतात. या खेळाचे गोमंतकातील मूळ शापोरा नदीपलीकडे, बार्देशातील शिवोलीत आहे. तेथे १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी फुटबॉल आणला. गंमत अशी, की त्यांच्या मायदेशी हर्लिंग या काठी-चेंडूच्या देशी खेळाला सांभाळणारी संघटना निघाली ती त्यानंतर वर्षाने, १८८४ मध्ये. आणि तिचाही पाया गावोगावचे क्लबच. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ ची. पण कुमार खेळाडूच्या पायाला पहिले वळण लावतो तो गावचा क्लब. सरद भाताची कापणी झाली, की त्याच शेतात काठ्या रोवून सामने रंगतात. जेथे शेत विकले गेले, तेथे पोरांना पुळण तेवढी उरते. तीही भरती येईपर्यंत.