महमूद गवानचा मदरसा आणि आमची शाळा

बिदरचे नाव निघाले की आपल्या लोकांना आधी बिदरी काम आठवते, मग किल्ला. मग कोणीतरी अभिमानाने सांगते, "तिथे आपला मोठा मदरसा होता." एवढ्यावर विषय संपतो. ती इमारत कशी होती, तशी का बांधली आणि आज मुलांसाठी शाळा बांधताना तिच्यापासून काही घेण्यासारखे आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांची सहल घेऊन बिदरला गेलो तेव्हा सातवीतली एक मुलगी मदरशाच्या भिंतीतल्या उंच खिडक्यांकडे बघत म्हणाली, "सर, इथे दुपारी पण अंधार होत नसेल ना?" त्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला.

ख्वाजा महमूद गवान मूळचा इराणमधील गिलान प्रांताचा. १४५३ साली तो आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला तो व्यापारी म्हणून. वयाने चाळिशी ओलांडलेली होती. बिदरच्या बहामनी दरबारात त्याची कदर झाली आणि पुढे तो सल्तनतीचा वजीर झाला. कोकणातले किल्ले घेतले, १४७२ मध्ये गोवा घेतले. पण त्याच सुमारास पुरी झालेली मदरशाची इमारत हीच त्याची खरी कमाई म्हणावी लागेल. सामी नावाच्या शायराने तिची तारीख काढली ती कुरआनातल्या एका दुआतून. हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल काब्याच्या भिंती उभारत असताना त्यांनी 'आमच्याकडून हे कबूल कर' या अर्थाची जी दुआ मागितली, तिच्या अरबी अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज ८७६ होते. हिजरी सन ८७६ म्हणजे इसवी सन १४७१-७२. शाळेच्या इमारतीला याहून शोभणारी तारीख मिळणे कठीण.

आता इमारत पाहू. लांबी सुमारे २०५ फूट, रुंदी १८० फूट, मजले तीन. मध्ये सुमारे १०० फुटांचा चौरस चौक. दर्शनी बाजूला मशीद आणि ग्रंथालय. उरलेल्या तिन्ही बाजूंच्या मध्यभागी व्याख्यानाची मोठी दालने, तीही इमारतीच्या पूर्ण उंचीची. ही दालने बाहेरच्या अंगाला पुढे आलेली असल्याने त्यांना एकाहून अधिक दिशांनी उजेड मिळतो. आतून चौक, बाहेरून खिडक्या, त्यामुळे वारा खेळता राहतो. दख्खनच्या उन्हाळ्यात जाड भिंतींची सावली आणि उंच छत यांचे मोल काय असते, ते पत्र्याखाली एप्रिल काढलेल्या शिक्षकालाच विचारावे. ओल वर चढू नये म्हणून पायात शिशाचे पत्रे घातले होते. समोर निळ्या, हिरव्या, पांढऱ्या झिलईच्या फरशांची नक्षी होती. तिचे तुकडे आजही दिसतात. दर्शनी बाजूच्या दोन मिनारांपैकी उभा असलेला एक सुमारे १३० फूट उंच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही इमारत राहण्यासाठी बांधली होती. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, उस्तादांसाठी सहा घरे. राहणे आणि जेवण मोफत. ग्रंथालयात ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. शिकणारा, शिकवणारा, पुस्तक आणि नमाज, सगळे एका छताखाली. गरीब मुलाची तालीम पोटासाठी सुटू नये, ही काळजी आराखड्यातच घेतलेली होती.

मग हे सारे गेले कुठे? दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि परदेशातून आलेले, असे दोन गट होते. गवान स्वतः आफाकी असला तरी त्याने दोघांचा तोल सांभाळला. चार मोठे सुभे मोडून आठ केले आणि दोन्ही गटांना वाटून दिले. तेच सरदारांना खुपले. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून ओरिसाच्या राजाच्या नावे खोटे पत्र रचले गेले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहने आपल्या वृद्ध वजिराला ठार करविले. मदरसा मात्र पुढेही चालला. १६५७ मध्ये बिदर मोगलांच्या हाती गेले. पुढे या इमारतीत फौज राहिली, दारूगोळा साठवला गेला आणि १६९६ मध्ये त्याचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा हिस्सा एका मिनारासह कोसळला. ज्या दालनांत किताबे होती तिथे बारूद ठेवण्याचे कोणाला काहीच वाटले नाही. इमारत परक्याने पाडली असती तर आपण ते घसा कोरडा करून सांगितले असते. इथे बारूद ठेवणारेही आपलेच होते, म्हणून आपण गप्प बसतो.

आम्हाला यात एक धडा दिसतो. मदरसा एका थोर माणसाच्या दौलतीवर उभा होता. नकाशा इराण-खुरासानचा, फरशांची कला तिकडची, नामांकित उस्तादही तिकडून बोलवायचे. बिदरच्या गल्लीतल्या माणसाला ती इमारत देखणी वाटत असेल, पण ती त्याची होती का? मुलींची जागा तर तिच्यात नव्हतीच. जिला वस्ती आपली मानते, त्या इमारतीत बारूद ठेवू लागताच वस्तीच आडवी येते.

याच्या उलट उदाहरण आपल्या काळातले आहे. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांदो नावाचे खेडे आहे. तिथला दिएबेदो फ्रान्सिस केरे हा शाळेत गेलेला गावातला पहिला मुलगा. सातव्या वर्षी त्याला घर सोडावे लागले, कारण गावात शाळाच नव्हती. जर्मनीत वास्तुकलेचे शिक्षण घेत असतानाच त्याने पैसे जमवले आणि २००१ मध्ये गावात शाळा उभी केली. थोडे सिमेंट मिसळलेल्या मातीच्या दाबीव विटा, वर विटांचेच छिद्रे ठेवलेले छत आणि त्याच्याही वर मोकळे अंतर सोडून पत्रा. गरम हवा वरून निघून जाते, वर्ग थंड राहतो. पायासाठी दगड मुलांनी गोळा केले, विटांसाठी पाणी बायकांनी वाहून आणले. या शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, तर २०२२ मध्ये केरेला वास्तुकलेतला मोठा मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्कारापेक्षा ते पाणी मोठे वाटते. ज्या बाईने शाळेसाठी पाणी वाहिले, ती आपल्या मुलीला शाळेतून सहज काढणार नाही.

आता आमच्याकडे वळू. त्या मुलीने अंधाराचे विचारले, कारण तिचा वर्ग अरुंद बोळाकडे पाठ करून आहे. वीज गेली की फळा दिसत नाही. मुलींचे स्वच्छतागृह बरीच वर्षे कुलूपबंद होते, म्हणून मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि काही परत येत नसत. पायाने अधू असलेल्या एका मुलाला त्याचे अब्बा रोज उचलून वर आणत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान हे सारे लिहिलेले आहे. कागद बरोबर आहे. पण शाळेची इमारत बांधायची ठरली की आपल्याकडे आधी चर्चा होते ती कमानीची आणि देणगीदारांच्या नावाच्या पाटीची. खिडकी कोणत्या दिशेला, उतार कुठे, मुलींचे कुलूप कोणाच्या हाती, हे कोणी विचारत नाही.

सहलीहून आल्यावर आम्ही पालकांची सभा घेतली. त्यात गवंडीकाम करणारे चार-पाच पालक होते. आजवर त्यांना फक्त फीबद्दल बोलवले होते. या वेळी आम्ही त्यांना भिंत दाखवली. एकाने हात लावून सांगितले, "इथे जाळी काढता येईल, सर. वरच्या बाजूला." महिन्याभरात जाळी झाली आणि त्या अधू मुलाचा वर्ग खाली आणला. स्वच्छतागृहाची चावी आता दोन मातांकडे असते.

एवढ्याने बिदरचा मदरसा उभा राहत नाही, हे आम्हाला कळते. पण ती दुआ आठवते. ती मागणारे बापलेक दोघेही त्या वेळी स्वतःच्या हाताने भिंत रचत होते. आपण बहुधा दुआ तेवढी मागतो आणि भिंत दुसऱ्यावर सोडतो.