बोंडअळी आणि निसर्गाची चाळणी



2017 सालच्या हंगामात आपल्या बीड जिल्ह्यात अनेकांनी कपाशीचे बोंड फोडले, तो आत गुलाबी अळी! वरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. बियाणे तर बोंडअळी लागणार नाही म्हणून घेतलेले. साहजिकच पहिली शंका आली ती बियाण्यावर. पण या गोष्टीमागे निसर्गाचा एक जुना नियम आहे. तो आज समजून घेऊ.

ज्वारीत हरभऱ्याचे चार दाणे आहेत. चाळून वर राहील तेच बी पेरायचे ठरवले, तर शेतात काय उगवेल? हरभराच. निसर्गातही अशी निवड चालते, हे चार्ल्स डार्विनने 1859 साली मांडले. कीडनाशक ही एक चाळणीच. हजारो अळ्या मरतात. जन्मतःच ज्यांना ते सोसते अशा थोड्या वाचतात, आणि पुढली पिढी त्यांचीच होते. अमेरिकेत मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने फवारणीला न जुमानणाऱ्या किडीची नोंद 1914 सालीच केली होती.

आपल्याकडे 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक तिच्यात असतो. त्यामुळे झाडातच अळीला मारणारे प्रथिन तयार होते. 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. चाळणीचा धोका शास्त्रज्ञांना ठाऊक होता. म्हणून 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचे पाकीट मिळे. ते कडेने लावायचे. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग चिवट पतंगांशी जुळावेत, आणि होणारी संतती बीटीवर मरावी, असा तो हिशेब.

पण हिशेब बराचसा कागदावरच राहिला. साधी कपाशी लावली तर नुकसान एकट्याचे आणि फायदा साऱ्या शिवाराचा. मग लावणार कोण? कोणी कडेला तूर लावली. तुरीवर हिरवी अळी जगते, गुलाबी नाही. त्यातच फरदडीसाठी कपाशी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी राहिली, आणि अळीची उपासमार कधी झालीच नाही.

अमेरिकेतील ॲरिझोनात 1996 पासून बीटी लावली. तेथे साध्या कपाशीचा नियम पाळला गेला आणि दहा वर्षांहून अधिक काळ बीटी टिकली. पुढे वांझ पतंग सोडले, आणि 2018 साली त्या देशाच्या कपाशीतून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले.

शेतकऱ्याने ऐकले नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण धोरण आखणाऱ्याने किडीचा स्वभाव अभ्यासला, तसा माणसाच्या अडचणीचाही अभ्यास करायला हवा. साधे बी बीटीच्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत पुढे आली, ती याच अनुभवातून.

गुरुजींनी ज्वारी-हरभऱ्याचा हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. आणि शेतकरी बंधूंनो, डिसेंबरअखेर कपाशी काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावायची, तर ती साऱ्या गावाने मिळून. एका वावरातली फरदड साऱ्या शिवाराची अळी पोसते.